जागा कधी होणार, दादा?

पीएचडीला विषय मिळायला काही लागत नाही. आमच्या गल्लीतल्या काकांनी तर ‘कारखान्याच्या वजनकाट्यावर कर की’ म्हणत तयार विषय हातात ठेवला. अडतं ते गाईडपाशी. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमानं प्रोफेसरकडे एका वेळी 8, असोसिएटकडे 6 आणि असिस्टंटकडे 4 विद्यार्थी. शिवाय निवृत्तीला 3 वर्षांहून कमी उरली असतील तर नवीन घ्यायचाच नाही. त्यामुळे हल्ली कोल्हापुरात कुठंही प्राध्यापक भेटले की मी नमस्कार करता करता त्यांचे केस बघतो. केस काळे करणाऱ्यांनी संशोधनाचं किती नुकसान केलंय, यावरही एक प्रबंध होईल.

माझ्या विषयातल्या सरांकडे चारही जागा भरलेल्या. “एकाचं सबमिशन टेकलंय, मग बघू,” असं ते म्हणाले. हा ‘एक’ मी हुडकून काढला. नियमात मुदत 6 वर्षं, वर फेरनोंदणी करून आणखी 2, हे वाचून पोटात गोळाच आला होता. तेव्हापासून या ‘एका’ची, म्हणजे दादाची, सेवा सुरू आहे. राजारामपुरीत मिसळ, वर जादा कट, पैसे मी देणार.

“दादा, चौथं प्रकरण कुठवर आलं?”

“झालंय की.”

“लिहून?”

“डोक्यात पक्कं हाय भावा. कागदावर तेवढं उतरायचंय.”

त्याच्या संदर्भसूचीतले स्वल्पविराम मी रात्री जागून लावले. त्याला ताप आला तर शहाळं घेऊन मी हजर. त्याच्या घरचे मला फार गुणाचा पोरगा समजतात.

काकांचा घोळ निराळाच. “पगार किती?”

“जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना 37 हजार.”

“म्हणजे नोकरी लागली!”

“नाही काका, शिक्षण.”

“शिकायचे पैसे कोण देतंय?”

जर्मनीत पीएचडीच्या पुष्कळशा जागा रीतसर नोकरीच्या असतात, जाहिरात निघते, करार होतो, म्हटल्यावर काका म्हणाले, “मग तिकडंच जा की!” तिकडंही ईमेल धाडलेत. एकाचं उत्तर मिनिटात आलं. साहेब सुट्टीवर आहेत.

काल दादाचा फोन आला. आवाजात खुशी. मी आईला पेढ्यांचं सांगायला उठलोच होतो.

“भावा, सर म्हणाले, काम झकास झालंय. आणखी एक प्रकरण घालूया. उद्या सकाळी मिसळीला कुठं भेटायचं?”