मॅकॅरनच्या दारातून

आजोळच्या ग्रुपवर जनसुरक्षा विधेयकाचं भांडण काही मिटत नाही. 'कडव्या डाव्या' संघटनांना बेकायदा ठरवायची सोय असलेलं हे विधेयक जुलै 2025 मध्ये विधानसभेत मंजूर झालं, तेव्हापासून मामेभाऊ पेटलाय. "अमेरिकेनं कायदा करून लाल कीड मारली, आपण नुसत्या चर्चा करतो!" त्यावर पुण्याची भाची, "खऱ्या लोकशाहीत असले कायदे नसतात मामा, अमेरिका बघा." दोघांनाही अमेरिका सोयीपुरतीच हवी. मी पंचवीस वर्षं लास व्हेगसमध्ये राहतोय, पण मला कोण विचारतो?

मी पहिल्यांदा उतरलो तो इथला विमानतळ मॅकॅरन. 2021 च्या डिसेंबरात त्याचं नाव बदललं, तरी आम्ही जुनी मंडळी मॅकॅरनच म्हणतो. व्हीटीला व्हीटीच म्हणतात ना, तसं.

हे नाव ज्याचं, तो पॅट मॅकॅरन नेवाडाचा, म्हणजे आमच्याच राज्याचा सेनेटर, 1933 पासून 1954 मध्ये मरेपर्यंत. आयरिश स्थलांतरितांचा मुलगा, रीनोजवळ ट्रकी नदीकाठी मेंढ्या राखत वाढलेला. पक्ष डेमोक्रॅट, पण स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्ष रूझवेल्टशीही वाकडं. कम्युनिस्टद्वेष म्हटला की सगळ्यांना दुसरा सेनेटर, जोसेफ मॅकार्थी आठवतो. मॅकार्थी जिथेतिथे कम्युनिस्ट शिरलेत म्हणून ओरडला, मॅकॅरननं कायदे केले. ओरडणाऱ्याच्या नावाची 'मॅकार्थीइझम' अशी शिवी झाली आणि कायदे करणाऱ्याचा विमानतळ.

1950 चा त्याचा कायदा असा, की कम्युनिस्ट संघटनांनी सरकारदरबारी नोंदणी करायची. अध्यक्ष ट्रूमननी नकाराधिकार वापरला, काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, तो धुडकावला. पुढे? कम्युनिस्ट पक्षानं शेवटपर्यंत नोंदणी केलीच नाही. खटले पंधरा वर्षं रेंगाळले आणि 1965 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, सभासदांना स्वतःविरुद्ध असं नाव नोंदवायला भाग पाडता येणार नाही. तेव्हा दादा, कीड कायद्यानं मेली असं म्हणू नकोस. आणि भाचीबाई, असले कायदे इथेही झाले. तेही प्रचंड बहुमतानं.

दुसरा कायदा 1952 चा, स्थलांतराचा. तोही ट्रूमनना डावलूनच झाला. भारताचा कोटा वर्षाला 100 माणसं. जन्म लंडनचा असला तरी रक्त हिंदी, म्हणून मोजायचा त्या शंभरातच. डाव्यांना तर दार बंदच. पण नेवाडातल्या मेंढीवाल्यांना माणसं कमी पडली, तेव्हा ह्याच मॅकॅरननं स्पेनमधल्या बास्क मेंढपाळांसाठी खास कायदे करून घेतले. धोका विचारांचा असतो, मेंढ्या राखणाऱ्याचा नसतो! माझ्या तात्पुरत्या कामगाराच्या व्हिसावरचं 'एच' हे अक्षरही त्या 1952 च्याच कायद्यातलं. मेंढ्यांऐवजी सर्व्हर राखले, एवढाच फरक. मेंढपाळ म्हणून आलो, असं मी एचओएच्या, म्हणजे आमच्या सोसायटीच्या, मीटिंगमध्ये सांगत नाही.

नागरिकत्वाच्या मुलाखतीत बाईंनी फॉर्मवरचा प्रश्न वाचला. कम्युनिस्ट पक्षाशी कधीही, कुठल्याही प्रकारे, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष संबंध? 'अप्रत्यक्ष' म्हणताना त्या जराशा थांबल्या, की मलाच तसं वाटलं. आबा, म्हणजे माझ्या आईचे वडील, लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचे. सुटीत परळला गेलो की ते मला खांद्यावर घेऊन दळवी बिल्डिंगमध्ये, युनियनच्या कचेरीत न्यायचे. तिथे बशीत ओतलेला चहा मिळायचा. वर्गणीच्या पावत्यांवर आबा सही करायचे आणि शाई वाळावी म्हणून फुंकर मी मारायचो.

प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत मी "नो" म्हणालो. बाईंनी टिक केली.

ग्रुपवर लाल कीड लाल कीड करणारा मामेभाऊ आबांचाच नातू. परळची खोली विकली तेव्हा माळ्यावरून त्यानंच आबांचं पावतीपुस्तक काढलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं आणि डोंबिवलीच्या कपाटात ठेवलं, देवाच्या पोथ्यांखाली. तेव्हा माझं ग्रीन कार्ड अडकलेलं. त्यानं फोन केला, "तुझा जीव होता ना ह्यावर? कुरियर करू?"

मी म्हणालो, "नको रे. राहू दे तिथंच."