कार्नूस्टी, १९९९ : व्हॅन द वेल्द अठराव्या होलवर हरला नव्हता

स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे १९९९ मध्ये झालेल्या गोल्फच्या ओपन चॅम्पियनशिपबद्दल ‘फ्रान्सच्या जाँ व्हॅन द वेल्दने पाण्यात उतरून चेंडू मारला आणि शेवटच्या होलवर विजेतेपद घालवले’ असे सर्रास लिहिले जाते. यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

गोल्फमध्ये कमी फटके घेणारा जिंकतो. शेवटच्या, म्हणजे अठराव्या होलवर तीन फटक्यांची आघाडी घेऊन आलेल्या व्हॅन द वेल्दचा तिसरा फटका बॅरी बर्न या ओढ्यात गेला, तेव्हा तो बूट-मोजे काढून पाण्यात उतरला हे खरे. परंतु तेथून चेंडू न मारता त्याने दंडाचा एक फटका स्वीकारून ड्रॉप घेतला, म्हणजे चेंडू पाण्याबाहेर टाकून तेथून खेळला. पुढचा फटका बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) गेला आणि तेथून बाहेर काढलेला चेंडू त्याने एकाच पटमध्ये (हिरवळीवरून घरंगळत मारलेल्या फटक्यात) होलमध्ये घातला. त्या पटला किती धैर्य लागले असेल, याची दखल क्वचितच घेतली जाते. त्यामुळे चारच्या पारवर (चार फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असलेल्या होलवर) सात फटके होऊनही तो पराभूत न होता एकूण २९० फटक्यांवर पॉल लॉरी आणि जस्टिन लिओनार्ड यांच्या बरोबरीत राहिला.

निर्णय झाला तो त्यानंतरच्या चार होलच्या प्ले-ऑफमध्ये (बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा खेळात). अखेरच्या दिवशी दहा फटके मागे असताना ६७ फटक्यांची फेरी खेळलेल्या स्कॉटिश लॉरीने प्ले-ऑफच्या शेवटच्या दोन्ही होलवर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) साधून तीन फटक्यांनी विजय मिळवला. त्यामुळे ‘लॉरीला विजेतेपद आयते मिळाले’ हे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.