'एका दिवसात घर लावा' म्हणणाऱ्या निरोपाला उत्तर

मे महिन्यात आम्ही कन्ना चौकाजवळचं जुनं भाड्याचं घर सोडून जुळे सोलापुरात राहायला आलो. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर एकच निरोप मला चौघांनी पाठवला: 'नव्या घरात जाताय? या आठ गोष्टी करा, एका दिवसात घर लागेल, बाकीचं सावकाश बघता येतं.' पाठवणारी सगळी माणसं जिव्हाळ्याची आहेत. पण त्या आठांतल्या चार गोष्टी जिवाशी खेळणाऱ्या आहेत, आणि 'बाकीचं' म्हणून जे मागे टाकलंय तेच आधी बघायचं असतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'सामान उतरलं की त्याच दिवशी सगळं लावून टाका, बांधलेली खोकी घरात अशांती आणतात.' आमचा टेम्पो दुपारी दोनला दारात लागला. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन सांगायला नको. सामान उतरवणाऱ्या पोरांना आणि सासूबाईंना आधी सावली आणि पाणी हवं होतं. पहिल्या रात्रीला लागतं ते थोडकंच: रोजच्या गोळ्या, अंथरूण, तवा-परात, बॅटरी आणि कागदपत्रांची पिशवी. ते वेगळं बांधून आपल्या हातात ठेवावं. बाकीची खोकी आठ दिवस तशीच राहिली तरी काही बिघडत नाही. उलट घाईनं कपाटं भिंतीला लावली की मागची ओल, वाळवीची माती, सैल झालेला पॉइंट, सगळं झाकलं जातं आणि भरलेलं कपाट पुन्हा कोणी हलवत नाही.

'पहिल्या दिवशी दूध उतू घाला.' जरूर घाला. आम्हीही घातलं, सासूबाईंच्या हातानं. फक्त एक ध्यानात ठेवा: दूध उतू जाताना बर्नर विझतो आणि गॅस मात्र येतच राहतो. सगळे हात जोडून उभे असतात, फोटो काढणं चालू असतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. एका माणसानं शेगडीच्या बटणापाशीच थांबावं, दूध वर आलं की बटण बंद करावं आणि बर्नर पुसल्यावरच पुन्हा पेटवावा.

'गॅसची जुनीच नळी लावा, पेटती काडी फिरवली की गळती आहे का ते कळतं.' हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. गळती असेल तर ती काडीच घर पेटवेल. आमची नळी जुन्या घरात वर्षानुवर्षं एकाच बाकात होती. इथे आणून सरळ केली आणि रेग्युलेटरच्या टोकाशी अंगठ्यानं दाबून पाहिली, तर केसासारख्या बारीक चिरा उघडल्या. वरून नळी धडधाकट दिसत होती. नळीवर आयएसआयची खूण बघावी, दर ५ वर्षांनी ती बदलावी, आणि घर बदलताना शंका आली तर त्याआधीही. गळती बघायला वाटीत साबणाचा फेस करावा, ब्रशनं रेग्युलेटरला आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावावा. बुडबुडे फुगले की गळती आहे.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, ओट्याखाली आणि फरशीवर साचतो. वास आला तर दिव्याचं, पंख्याचं कोणतंच बटण चालू किंवा बंद करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडाव्यात, बाहेर यावं आणि १९०६ ला फोन करावा. हा नंबर गॅसगळतीसाठी दिवसरात्र चालू असतो.

'टाकीत तुरटी फिरवली की पाणी शुद्ध.' आपल्या गावासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, पाणी निवळ दिसतं, पण त्यातले जंतू मरत नाहीत. रिकाम्या राहिलेल्या घराचा हौद आधी पूर्ण उपसायला हवा. जमिनीखालच्या हौदात एकट्यानं कधीच उतरू नये. झाकण बराच वेळ उघडं ठेवावं, मोटारीचा प्लग काढावा, वर एक माणूस उभा असावा. बंद हौदात प्राणवायू कमी होतो आणि उतरलेल्या माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. भिंती खराट्यानं घासाव्यात. हौद भरल्यावर चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम घ्यावी, बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचं पाणी हौदात ओतावं आणि तासभर थांबावं. प्यायचं पाणी तरीही उकळावं.

उजनीचं पाणी आपल्याकडे रोज येत नाही. मध्ये काही दिवस जातात, म्हणून घराघरांत पिंपं भरलेली असतात. आणि पाणी जपायचं म्हणून पिंप कोणी रिकामं करत नाही, आहे त्याच्यावर नवं ओततो. डेंग्यूचा डास घाणीत नाही, अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. मादी अंडी पिंपाच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटवते. ती कोरडी राहिली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. टेम्पोतून आलेलं आमचं निळं पिंप कोरडं ठणठणीत होतं. बॅटरी धरून आत पाहिलं तर जुन्या पाण्याच्या रेषेवर काळे ठिपके ओळीनं बसलेले. नुसतं खळबळून टाकलं असतं तर ते निघाले नसते. काथ्यानं घासावे लागले. अंड्याचा डास व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायचा: पाणी यायच्या आदल्या दिवशी पिंप संपवायचं, घासायचं, पालथं घालायचं. वर घट्ट झाकण किंवा जुन्या धोतराचं दुहेरी फडकं बांधायचं.

'घर नवं असेल तर वायरिंग बघायची गरज नाही.' नव्या घरातही अर्थिंगची तार नुसती भिंतीत सोडून दिलेली असू शकते. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या दोन पॉइंटना अर्थिंगच नव्हतं. इलेक्ट्रिशियननं टेस्ट लॅम्प लावल्यावर कळलं. सोलापुरात उन्हाळा म्हणजे कूलर, आणि पत्र्याचा कूलर, आत पाणी, खाली ओली फरशी, ओले हात हे सगळं एकत्र आलं की अर्थिंग हा पहिला आधार. मेन बोर्डावर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज आपोआप तोडणारा खटका, आहे का बघा, त्याचं टेस्टचं बटण दाबा. खटका पडला नाही तर तो शोभेचा आहे. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा.

'कुबट वास घालवायला दारं-खिडक्या लावून रात्रभर निखाऱ्यांची धुरी ठेवा.' हे कृपा करून करू नका. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. कुबट वासाला उघड्या खिडक्या आणि ऊन पुरतं. ऊद घालायचा तर दारं उघडी ठेवून, जागेपणी.

'भाड्याचं घर असेल तर स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की झालं.' झालं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी ऑनलाइनही होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यालाही द्यावी. घरमालक टाळत असेल तर आपण मागे लागावं.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला: 'पहिले काही महिने शेजाऱ्यांत मिसळू नका, घरातलं बाहेर जातं.' कन्ना चौकात बावीस वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून तेलुगू बोलणाऱ्या अक्का राहायच्या. त्यांना माझं मराठी निम्मं कळायचं, मला त्यांचं तेलुगू तेवढंही नाही, आणि मुलाला रात्री ताप चढला तेव्हा रिक्षा त्यांनीच आणली होती. इथे आलो त्या संध्याकाळी मी स्वतः शेजारच्या दारात गेले. काकूंनी बसवलं आणि पाण्याचं विचारल्यावर म्हणाल्या, "आपल्या लाइनला रात्री दीडनंतर येतं बघा. आणि तुमच्या हौदाचा बॉल कॉक अडकतो. आधीच्या लोकांचं पाणी पहाटेपर्यंत रस्त्यावर वाहायचं." घरमालकानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तिसऱ्या रात्री पावणेदोनला कडी वाजली. काकू दारात, हातात बॅटरी. "पाणी आलंय, कॉक बघून घ्या."