थडग्यावरचे विनोद फॉरवर्ड कसे करावेत

परवा गुड मॉर्निंगच्या फुलांपाठोपाठ नाटककार बर्नार्ड शॉ यांच्या थडग्याचा फोटो आला. वर कोरलेलं: 'इतकी वर्षं जगलो, तेव्हा असलं काहीतरी होणार हे ठाऊकच होतं.' अशी पोस्ट आपल्यालाही जमावी असं वाटत असेल, तर ही घ्या कृती.

आधी माणूस निवडा. थडगंच नसलेला उत्तम. शॉ 1950 साली गेले. दहन झालं, राख बायकोच्या राखेत मिसळून घरच्या बागेत पसरली. खोटं ठरवायला दगडच नाही, केवढी सोय!

अमेरिकन विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्सही चालेल. 'इथे पडण्यापेक्षा फिलाडेल्फियात राहिलेलं बरं' ही त्याच्या थडग्यावरची म्हणून फिरणारी ओळ मासिकातल्या थट्टेतली. ग्लेनडेलला त्याच्या थडग्याच्या पाटीवर फक्त नाव आणि 1880–1946. पण पाटी बघायला कोण जातंय?

दगड नेटवर आयता मिळतो. मजकूर टाइप करा, बटण दाबा. खऱ्या दगडात शेवाळ अक्षरांच्या खाचेत साचतं. तुमच्या दगडात अक्षरं शेवाळावर बसलेली हवीत.

विनोद पडला तर खाली पु. लं.चं नाव घाला.

चुकून खरं उदाहरण सापडलंच, तर त्यातला जीव काढा. विनोदी लेखक-नट स्पाइक मिलिगन 2002 मध्ये गेला, इंग्लंडातल्या विंचेल्सीच्या चर्चच्या आवारात पुरला. त्याला दगडावर हवं होतं, 'सांगत होतो ना, बरं नाही म्हणून!' इंग्लंडात चर्चच्या आवारातला दगड घरच्यांच्या मर्जीने लागत नाही. दगड कुठला, उंची किती, मजकूर काय, सगळ्याला परवानगी. नियमाबाहेरचं काही हवं तर चर्चच्या न्यायालयात अर्ज. चिचेस्टरच्या धर्मप्रांताने इंग्रजी ओळ नाकारली. शेवटी 2004 मध्ये ती आयरिशमध्ये कोरली गेली. परवानगी देणाऱ्यांच्या नाकाखालून, गावात फारसं कुणाला वाचता येणार नाही अशा भाषेत! गंमत आहे ती तिथे. आणि तुम्ही काय करता? तीच ओळ फोटोशॉपमध्ये ठसठशीत इंग्रजीत चिकटवता. मेलेल्या माणसाने एवढं करून साधलेल्या विनोदाचा बोऱ्या वाजवता!

अरे, खऱ्या ओळी काय कमी पडल्यात? लॉस एंजेलिसच्या वेस्टवुडमध्ये नट जॅक लेमनच्या दगडावर सिनेमाच्या पोस्टरसारखं नुसतं 'जॅक लेमन इन' आहे, आणि पुढे थेट जमीन. तिथेच दिग्दर्शक-लेखक बिली वाइल्डर: 'मी लेखक आहे, पण काय करणार, कुणीच परिपूर्ण नसतं.' दफनभूमीचं नाव शोधायला दोन मिनिटं लागतात. तेवढी काढवत नसतील तर पाठवू नका. आणि 'आलं तसं पुढे ढकललं' हे तर अजिबात सांगू नका. बटण तुमच्याच अंगठ्याने दाबलं जातं.