एका ताऱ्याच्या अभिप्रायाला उत्तर: ८४ फाईल्सच्या १२ कशा झाल्या

नमस्कार,

दोन रात्री गेल्या आणि ८४ ऐवजी १२ च फाईल्स मिळाल्या, हा तुमचा अभिप्राय वाचला आणि तुम्ही दिलेल्या पद्धतीनंच नावं देऊन ८४ आर्टबोर्ड (डिझाइन फाईलमधली सुटी पानं) तयार केले. आमच्या प्लगइनमधून, म्हणजे प्रत्येक आर्टबोर्डची वेगळी फाईल काढून देणाऱ्या जोड-प्रोग्राममधून, ते एक्स्पोर्ट केले. फोल्डरमध्ये १२ फाईल्स आल्या, आणि वर 'एक्स्पोर्ट पूर्ण' असा हिरवा संदेश. तुम्ही लिहिलंय त्यात काडीचीही अतिशयोक्ती नाही.

झालं असं. तुमची १२ उत्पादनं, प्रत्येकाचे ७ आकार. नावात आधी उत्पादन, मग मजकुराचा प्रकार आणि सगळ्यात शेवटी आकार. आमचं प्लगइन नाव ३१ चिन्हांवर तोडतं, तेही शेवटाकडून. त्यामुळे नेमका आकारच उडाला, सातही फाईल्सचं नाव एक झालं आणि प्रत्येक नवी फाईल आधीच्या फाईलवर बसली. 'फक्त सगळ्यात छोटा आकारच का येतो?' असं तुम्ही विचारलंय. तो यादीत शेवटी होता, म्हणून तो उरला.

३१ हा आकडा आला कुठून, याचं उत्तर मला शोभणारं नाही. जुन्या मॅकच्या एचएफएस फाईल सिस्टीममध्ये (डिस्कवर फाईल्स ठेवण्याच्या पद्धतीत) नावाला ३१ अक्षरांचीच जागा असे. १९९८ साली एचएफएस प्लस आली आणि ती मर्यादा २५५ वर गेली. माझ्या एका जुन्या स्क्रिप्टमध्ये ३१ तसाच राहिला होता आणि ती स्क्रिप्ट मी या प्लगइनमध्ये जशीच्या तशी उचलली. चाचणीसाठी आमच्या आर्टबोर्डांची नावं 'अ', 'ब', 'टेस्ट २' अशी. ती कशाला तुटतील!

'माझी नावं पंचवीस अक्षरांच्या आत होती' असं तुम्ही म्हणता, तेही बरोबर आहे. आपण 'मुखपृष्ठ' चार अक्षरांत मोजतो. संगणक उकार, ऋकार, पायमोड सगळं सुटं धरतो, त्याच्या लेखी ते आठ. म्हणजे देवनागरीत नाव देणाऱ्याचे ३१ इंग्रजीवाल्याच्या निम्म्यात संपतात. वर तोडताना आम्ही अक्षर कुठे पूर्ण होतं तेही पाहत नव्हतो. तुमच्या एका फाईलच्या शेवटी 'मुखपृष्' असं लोंबतंय ते त्यामुळेच.

महागडी आवृत्ती खपवण्यासाठी ही मर्यादा मुद्दाम ठेवली, हा आरोप मात्र मान्य नाही. दोन्ही आवृत्त्यांत हाच कोड आहे. महागडी घेतली असतीत तरी १२ च फाईल्स मिळाल्या असत्या. (बचाव म्हणून हे फारसं भूषणावह नाही, कल्पना आहे.)

मर्यादा साफ काढून टाका, ही मागणीही पुरी करता येणार नाही. विंडोजच्या एनटीएफएस या फाईल सिस्टीममध्ये एका नावाला २५५ चिन्हांची हद्द आहे. लिनक्स सर्व्हरवर हद्द सहसा २५५ बाइट्सची (बाइट म्हणजे साठवणुकीचं छोटं माप), आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं, म्हणजे मात्रा धरून जेमतेम ८५ चिन्हं. शिवाय विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून एक्स्टेन्शनपर्यंतचा अख्खा पाथ, म्हणजे फाईलचा सगळ्या फोल्डरांसकट पूर्ण पत्ता, २६० चिन्हांत बसवावा लागतो, त्यातलाही एक शेवटच्या अदृश्य खुणेला जातो. दुसऱ्या रात्री नावं लहान करूनही 'एक्स्पोर्ट अयशस्वी' आलं ते यामुळे: फोल्डरात फोल्डर असे सहा थर होते. विंडोज १० मध्ये २०१६ पासून ही अट सैल करता येते, पण सेटिंग चालू हवं आणि त्या त्या सॉफ्टवेअरनंही तशी तयारी ठेवलेली हवी. आम्ही लांब पाथवर फाईल लिहिली आणि तुमच्या ग्राहकाच्या जुन्या सॉफ्टवेअरला ती उघडलीच नाही, तर काय उपयोग? म्हणून तिथे आम्ही जुनीच हद्द पाळणार. मात्र 'अयशस्वी' म्हणून गप्प बसणं चूक होतं. पाथ किती लांब झाला आणि किती कमी करायला हवा, हे आता संदेशातच येईल.

नव्या आवृत्तीत ३१ गेला. नाव तोडावंच लागलं तर मधून तुटेल, शेवट शाबूत राहील आणि जोडाक्षर फुटणार नाही. ज्या नावांत बदल होणार त्यांची यादी एक्स्पोर्टआधी दिसेल, आणि असलेल्या फाईलवर विचारल्याशिवाय काहीही लिहिलं जाणार नाही. हे शेवटचं पहिल्या दिवसापासून हवं होतं. नाव छोटं करावं लागणं एक वेळ समजू शकतो, न सांगता करणं नाही.

तुम्हाला सपोर्टकडून आलेलं 'नावं लहान ठेवा' हे उत्तर मी स्वतः लिहून ठेवलेलं होतं, तेव्हा ते पाठवणाऱ्या मुलीवर राग नको. ते काढून टाकलंय. तुमची मूळ डिझाइन फाईल सुरक्षित आहे, आम्ही तिला हात लावत नाही, पण दोन रात्री परत देता येणार नाहीत. पैसे परत केले आहेत. अभिप्राय आहे तसाच ठेवलात तरी चालेल.

नवी आवृत्ती घेईपर्यंत आकार नावाच्या सुरुवातीला टाका, म्हणजे तुटलं तरी तो वाचेल. आणि '४:५' मधला कोलन विंडोजला चालत नाही, त्याजागी आम्ही डॅश घालतो. तुमच्याकडे '४-५' नावाचाही एक आर्टबोर्ड आहे, त्याला आधी दुसरं नाव द्या.