‘जेक्वेरीत हे दहा ओळींत होतं’ या कॉमेंटला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की रिअ‍ॅक्ट, व्ह्यू वगैरे वेबपानं बनवायची फ्रेमवर्क्स म्हणजे नुसता पसारा आहे, व्हर्च्युअल डॉम (डॉम म्हणजे ब्राउझरने पानाचं बनवलेलं झाड, व्हर्च्युअल म्हणजे त्याची मेमरीतली नक्कल) फास्ट असतो ही थाप आहे, चेकबॉक्सवालं साधं टेबल जेक्वेरीत (पान थेट बदलायची जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररी) दहा ओळींत व्हायचं तिथे आता अख्खा प्रोजेक्ट उभा करावा लागतो, आणि वर युजइफेक्टने (स्क्रीन काढून झाल्यावर कोड चालवणारं रिअ‍ॅक्टचं फंक्शन) तुम्हाला अनंत लूपमध्ये अडकवलं ते वेगळंच. शिवाय मी नवीन पोरांना चुकीच्या वाटेला लावतोय. बरं, हे शेवटचं सोडून बाकीच्यावर बोलू.

व्हर्च्युअल डॉमवरून आपलं भांडणच नाही. आधी नवीन झाड बनवायचं, ते जुन्याशी ताडून बघायचं आणि मग खऱ्या डॉमला हात लावायचा, हे थेट डॉम बदलण्यापेक्षा कमी काम कसं असेल? स्वेल्ट हे फ्रेमवर्क बनवणाऱ्या रिच हॅरिसने २०१८ मध्येच हे लिहून ठेवलंय. पण मी स्पीडबद्दल बोलतच नव्हतो, डेटा कुठे ठेवायचा याबद्दल बोलत होतो.

तुमचंच टेबल घ्या ना. ओळीला एक चेकबॉक्स, वर ‘सगळे निवडा’, बाजूला किती निवडले तो आकडा, आणि काहीच निवडलं नसेल तर बंद असणारं डिलीटचं बटण. होतं दहा ओळींत, मान्य. मग क्लायंट म्हणतो वर सर्च द्या, मग म्हणतो सर्व्हरवरून नवीन ओळी आपोआप येऊ द्या, आणि आता चेकबॉक्सचा हँडलर (क्लिक झाल्यावर चालणारा कोड), सर्चचा हँडलर, डिलीटचा हँडलर, प्रत्येकाने आठवणीने आकडाही बदलायचा, बटणही बघायचं आणि ‘सगळे निवडा’ची अर्धवट टिकही सांभाळायची (थोड्याच ओळी निवडल्या की दिसणारी; ती एचटीएमएलमधून देताच येत नाही, जावास्क्रिप्टनेच लावावी लागते, रिअ‍ॅक्टमध्येसुद्धा त्यासाठी रेफ, म्हणजे त्या खऱ्या चेकबॉक्सचा थेट धागा, घ्यावा लागतो, इथे हसलात तरी चालेल). किती निवडले हे कळायला परत डॉममध्येच जाऊन टिका मोजायच्या, आणि सर्चने एखादी ओळ काढून नव्याने बनवली की तिची टिक गेली! कारण तुमचा डेटा स्क्रीनवरच राहतोय, दुसरीकडे कुठेच नाही.

फ्रेमवर्कमध्ये निवडलेल्या ओळींच्या आयडींचा एक सेट ठेवायचा, बस. आकडा, बटण, टिका सगळं त्या सेटवरून निघतं, कोणी कोणाला कळवत बसत नाही. मला या सगळ्यात एवढंच महत्त्वाचं वाटतं, बाकी सिंटॅक्स कुठलाही चालेल.

‘ब्राउझरमध्ये वेब कंपोनंट्स आहेतच की’ हेही तुम्ही लिहिलंय. आहेत, आणि स्वतःचा टॅग बनवायला, स्टाइल बाहेर सांडू न द्यायला ते छानच आहेत. पण अ‍ॅट्रिब्यूट बदललं की ब्राउझर फक्त तुमचं फंक्शन बोलावतो, आत काय काय अपडेट करायचं ते परत हातानेच लिहायचंय, म्हणजे आलो फिरून तिथेच.

दर दोन वर्षांनी सगळं बदलतं या तक्रारीत दम आहे, पण पूर्ण नाही. व्हॅल्यू कोण वाचतंय याची नोंद ठेवायची आणि ती बदलली की तेवढ्यांनाच कळवायचं, हे नॉकआउट नावाचं जुनं फ्रेमवर्क २०१० मध्ये करत होतं. व्ह्यू पहिल्यापासून तेच करतं, सॉलिड तर उभंच त्यावर आहे, अँग्युलरने २०२३ मध्ये १६व्या आवृत्तीत याच कल्पनेचे सिग्नल्स आणले, २०२४ मध्ये स्वेल्ट ५ ने तसेच रून्स. रिअ‍ॅक्ट यांत एकटंच वेगळ्या रस्त्याने जातं, स्टेट (लक्षात ठेवलेला डेटा) बदललं की कंपोनंटचं (पानाच्या त्या तुकड्याचं) अख्खं फंक्शन परत चालवतं.

आणि तुमचा लूप त्यातूनच आला असणार. तुम्ही लिहिलंय की फिल्टर केलेली यादी वेगळ्या स्टेटमध्ये ठेवली आणि मूळ यादी बदलली की युजइफेक्टमधून ती भरली. आता मूळ यादीला डिफॉल्ट म्हणून रिकामा अ‍ॅरे दिला असेल, तर डेटा येईपर्यंत तो प्रत्येक रेंडरला (फंक्शन परत चाललं की) नवा बनतो, इफेक्टला वाटतं यादी बदलली, तो स्टेट भरतो, परत रेंडर, परत नवा अ‍ॅरे. पण मुळात ते दुसरं स्टेट हवंच कशाला? एक बदललं की दुसऱ्याला कळवायचं ही जेक्वेरीची सवय आहे, ती तुम्ही रिअ‍ॅक्टमध्ये घेऊन आलात. यादी आणि सर्चचा शब्द एवढंच स्टेट ठेवा, फिल्टर रेंडर होतानाच करा, आणि तो युजइफेक्ट सरळ उडवा. तरीही लूप राहिला तर त्या कंपोनंटचा कोड इथेच खाली टाका, बघतो.

आणि हो, नुसता मजकूर आणि एक उघडझाप होणारा मेन्यू असलेल्या पानाला फ्रेमवर्क लावा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तिथे साध्या जावास्क्रिप्टच्या दहा ओळीच बऱ्या, जेक्वेरीसुद्धा नको.