‘काळजी घेऊन फिरतो’ म्हणणाऱ्यांना

कोविडच्या काळात एक युक्तिवाद सगळीकडे फिरला. साथ ओसरली तरी तो थांबलेला नाही. आता तो पुढच्या महामारीसाठीचा सल्ला म्हणून पुढे पाठवला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : चाचणी करून, मास्क लावून फिरणाऱ्याला बेजबाबदार म्हणू नका. विमानातली हवा घरातल्या हवेपेक्षा स्वच्छ असते. लस घेतली की प्रश्नच उरत नाही. एका माणसाच्या जाण्यानं साथ वाढत नाही, आणि जोखीम घ्यायची की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. शिवाय पर्यटक गेले नाहीत तर तिथली माणसं आजारानं नाही तर उपासमारीनं मरतील. तेव्हा महामारीतही मौजेखातर प्रवास करणं जबाबदारीचंच आहे.

यातली बरीच वाक्यं सुटी घेतली तर त्यांत तथ्य सापडतं. म्हणूनच ती पटतात, आणि म्हणूनच एकेक तपासायला हवीत. बोलायचं आहे ते फक्त हौसेच्या प्रवासाबद्दल. आजारी आईवडिलांकडे धावत जाणारा, उपचारासाठी किंवा पोटासाठी निघालेला, परमुलखात अडकून घराकडे परतणारा, यांना ‘का गेलात’ असं कुणी विचारू नये. सहल मात्र पुढे ढकलता येते. इथे जे काही म्हणायचं आहे ते सगळं या एका फरकावर उभं आहे.

‘निघण्याआधी चाचणी निगेटिव्ह आली होती.’ निगेटिव्ह अहवाल एवढंच सांगतो, की त्या घडीला घेतलेल्या नमुन्यात विषाणू सापडला नाही. २०२० च्या कोविडमध्ये संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ५ दिवस जात, कधी १४ पर्यंतही. आणि लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना आजार देऊ शकत असे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या वर्षी तोवरच्या अभ्यासांतले आरटीपीसीआरचे निकाल एकत्र करून पाहिले. त्यांच्या अंदाजानुसार संसर्गाच्या पहिल्या दिवशी चाचणी बाधिताला ओळखतच नाही. चौथ्या दिवशीही बाधितांपैकी ६७ टक्के निसटतात. लक्षणं सुरू होतात त्या दिवशी ३८ टक्के निसटतात आणि चाचणी सर्वांत भरवशाची असते त्या आठव्या दिवशीही २० टक्के. बॅग भरून तयार असलेला, अंगात काहीही जाणवत नसलेला माणूस नेमका या पहिल्या चार दिवसांत असू शकतो.

हे कागदावरचं गणित नाही. २९ सप्टेंबर २०२० रोजी दुबईहून ऑकलंडला गेलेल्या एका विमानात ८६ प्रवासी होते. त्यांतले ७ जण नंतर बाधित निघाले. त्या ७ पैकी ५ जणांकडे निघण्यापूर्वीचा निगेटिव्ह अहवाल होता. विषाणूच्या जनुकीय नमुन्यांवरून प्रवासातच संसर्ग पसरल्याचं दिसलं. हे सगळं उघड झालं, कारण न्यूझीलंड तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाला १४ दिवस विलगीकरणात ठेवून तिसऱ्या आणि बाराव्या दिवशी तपासत होतं. तेच प्रवासी आठवड्याची सुट्टी घालवायला निघालेले असते आणि उतरल्या उतरल्या गावभर फिरले असते, तर कोणी कोणाला आजार दिला हे कधीच कळलं नसतं. आणि प्रत्येकजण आजही मनापासून म्हणाला असता, ‘मी तर चाचणी करून गेलो होतो.’

चाचणी उपयोगाची आहेच, पण तिला थांबण्याची जोड लागते. आइसलंडनं १९ ऑगस्ट २०२० पासून नेमकं हेच केलं : उतरताच एक चाचणी, मग ५ दिवस विलगीकरण, मग दुसरी चाचणी. चाचणीचं नाव घेणाऱ्यांपैकी किती जण सहा दिवसांच्या सहलीतले पाच दिवस खोलीत काढायला तयार होते? या संदेशात त्याबद्दल एक अक्षर नाही.

विमानातल्या हवेचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. विमानातले हवा गाळणारे हेपा फिल्टर अतिसूक्ष्म कण ९९.९७ टक्क्यांपर्यंत अडवतात आणि उडत्या विमानातली हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलते. मात्र फिल्टरपर्यंत पोचते तीच हवा स्वच्छ होते. शेजाऱ्याच्या नाकातून निघालेली हवा आधी आपल्यापर्यंत येते. लंडनहून निघून २ मार्च २०२० रोजी हनोईला पोचलेल्या, सुमारे दहा तासांच्या उड्डाणात खोकला असलेली एक प्रवासी होती. तिच्याखेरीज १५ जणांना लागण झाल्याचं पुढे आढळलं, आणि त्यांतले १२ तिच्याच बिझनेस क्लासमध्ये बसलेले होते. तेव्हा मास्कची सक्ती नव्हती हे मान्य करायला हवं. मास्कनं धोका कमी होतो यात शंका नाही. पण प्रवास म्हणजे नुसतं विमान नसतं. तपासणीची रांग, विमानापर्यंत नेणारी खच्चून भरलेली बस, जेवताना सगळ्यांनी एकदम उतरवलेले मास्क, मुक्कामाच्या जागेची लिफ्ट. यांतल्या एकालाही फिल्टर नसतो.

आता तो मुद्दा, जो मला सगळ्यांत घातक वाटतो : ‘मी एकटा गेल्यानं काय होणार आहे?’

२०२० च्या उन्हाळ्यात युरोपातली पहिली लाट बरीच ओसरली होती. जूनमध्ये सीमा उघडल्या आणि लोक सुट्टीवर निघाले. त्याच सुमारास स्पेनमध्ये विषाणूचा एक प्रकार आढळू लागला. शास्त्रज्ञांनी त्याला २०ए.ईयू१ असं नाव दिलं. शरद ऋतू येईतो तो युरोपभर पोचला होता आणि काही देशांत तर तोच सर्वाधिक आढळत होता. साहजिकच पहिली शंका अशी आली, की हा प्रकार जास्त वेगानं पसरणारा असावा. संशोधकांनी तपासलं, तेव्हा तसा ठोस पुरावा मिळाला नाही. २०२१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की या विषाणूच्या अंगात वेगळी ताकद नव्हती, सुट्टीवरून घरोघर परतणाऱ्या माणसांनी त्याला पुन्हा पुन्हा नव्या जागी नेलं, आणि तिथे तो वेळीच अडवला गेला नाही.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बरेचदा साथ पसरल्यावर आपण दोष विषाणूवर ढकलतो : नवा प्रकार होता, भयंकर होता. इथे तो साधा होता. त्या उन्हाळ्यात परतलेल्यांपैकी बहुतेक जण निरोगीच होते, बहुतेकांनी नियम पाळले असतील, आणि ‘माझ्यामुळे काही झालं नाही’ असं त्यांतल्या जवळपास प्रत्येकाला खरेपणानं वाटलं असेल. तरीही या सगळ्यांची मिळून बेरीज झाली आणि अनेक देशांचा शरद ऋतू त्यात गेला. एकट्याच्या प्रवासाचा परिणाम एकट्याला दिसतच नाही, म्हणून ‘मला काही दिसलं नाही’ हा पुरावा ठरत नाही.

त्याच वर्षीच्या वसंतात ऑस्ट्रियातल्या इश्गल या बर्फावरच्या खेळांच्या गावात हेच अधिक वेगानं घडलं होतं. तिथून परतलेले पर्यटक बाधित निघू लागल्यावर आइसलंडनं ५ मार्चलाच ते ठिकाण धोक्याचं ठरवलं. इश्गलचं खोरं बंद व्हायला मात्र १३ मार्च उजाडला. मधल्या दिवसांत पाहुणे येत राहिले, आणि आजार घेऊन आपापल्या देशांत परतत राहिले.

‘जोखीम माझी, निर्णय माझा.’ डोंगरावरून उडी मारणाऱ्यानं हे म्हणावं. संसर्गजन्य आजारात जोखीम घेणारा एक असतो आणि ती भोगणारे भलतेच असतात. खोली झाडणारी बाई, सामान उचलणारा पोरगा, गाडी चालवणारा, आणि त्यांच्या घरातली म्हातारी माणसं. पाहुणा आठवड्यानं निघून जातो, आणि पुढे काय झालं हे त्याला कोणी कळवत नाही. तोच तिथे आजारी पडला, तर लहानशा रुग्णालयातली मोजकी खाट त्याला द्यावी लागते. त्यानं जोखीम पत्करल्याच्या फॉर्मवर सही केली तरी या माणसांच्या वतीनं ती झालेली नसते.

१९१८ च्या फ्लूमधली पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांची गोष्ट यासाठी आठवावी. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून आलेलं ‘टालून’ हे जहाज पश्चिम सामोआत आपिआला लागलं. जहाजावर आजारी माणसं होती, तरी प्रवाशांना उतरू दिलं गेलं. त्यानंतरच्या साथीत तिथले सुमारे पाचात एक लोक दगावले. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर जॉन पॉयर यांनी येणाऱ्या जहाजांवर कडक निर्बंध घातले होते. तिथे फ्लूनं एकही मृत्यू झाला नाही. टालूनवरचे लोक काही मौजेसाठी निघालेले नव्हते, आणि त्यांच्या मनात कुणाचं वाईटही नव्हतं. पण विषाणू प्रवासाचा हेतू पाहत नाही, आणि येणाऱ्याचा चांगुलपणा गावाला वाचवू शकत नाही. गाव वाचतं ते गावानं घातलेल्या अटींनी.

लसीबद्दल थोडक्यात. लस जीव वाचवते. पण जीव वाचवणं आणि संसर्ग थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या सुट्टीच्या गावात गर्दी जमली, आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या रहिवाशांपैकीच ४६९ रुग्ण त्या गर्दीशी जोडले गेले. त्यांपैकी ३४६ जणांचं, म्हणजे ७४ टक्क्यांचं, लसीकरण पूर्ण झालेलं होतं. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, मृत्यू एकही झाला नाही. लसीची किमया तीच. पण त्या लसवंतांकडून विषाणू पुढे जाऊ शकतो ही शंका इतकी गंभीर ठरली, की महिनाअखेरीस अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं संसर्ग जास्त असलेल्या भागांत लस घेतलेल्यांनाही बंद जागी मास्क लावायला सांगितलं. ज्या देशांत लस अजून पोचलेलीच नव्हती, तिथे फिरायला जाणाऱ्याचं लसपत्र यजमानाच्या काय कामाचं?

उरला रोजगार. हा मुद्दा खोटा नाही, आणि तो झटकून टाकणाऱ्यांशी माझं जमत नाही. जागतिक प्रवास व पर्यटन परिषदेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये या क्षेत्रावर सुमारे ३३ कोटी ४० लाख रोजगार उभे होते. २०२० मध्ये त्यातले ६ कोटी २० लाख गेले. परदेशी पर्यटकांचं येणं जवळपास तीन चतुर्थांशांनी घटलं. या आकड्यांमागे रिकामी चूल आहे.

पण पर्यटक पाठवून ही चूल पेटते का, हे जपाननं करून पाहिलं. २२ जुलै २०२० पासून ‘गो टू ट्रॅव्हल’ या योजनेत सरकार देशांतर्गत सहलीच्या खर्चाचा मोठा भाग स्वतः उचलू लागलं. हेतू हाच, की हॉटेलं आणि छोटे व्यावसायिक तगावेत. हिवाळ्यात रुग्ण वाढले आणि २८ डिसेंबरपासून योजना देशभर थांबवावी लागली, तीही नववर्षाच्या ऐन हंगामात. रुग्णवाढ सगळी या योजनेमुळे झाली असं कोणी म्हणू नये. पण ज्या सरकारनं धंदा वाचवायला लोकांना घराबाहेर काढलं, त्यालाच हंगामाच्या तोंडावर ते बंद करावं लागलं. साथ चालू असताना आलेला पाहुणा चार दिवसांची कमाई देतो, आणि त्यातून उद्रेक झाला तर पुढचे चार महिने जातात.

शिवाय पैसा पोचवायला माणूस पोचावा लागत नाही. केलेलं बुकिंग रद्द करून परतावा मागण्याऐवजी तारीख पुढे ढकलणं, पुढच्या वर्षीचे पैसे आज देणं, ओळखीच्या वाटाड्याला थेट मदत पाठवणं, आणि या कामगारांना वेतनआधार मिळावा म्हणून सरकारकडे आग्रह धरणं. ‘त्यांच्या पोटासाठी जातो’ म्हणणाऱ्यानं यातलं आधी काय केलं ते सांगावं. मग त्याच्या कळकळीवर मी विश्वास ठेवीन. यजमानांना काय हवंय हेही विचारायला हवं. भूतानसाठी पर्यटन हा परकीय चलनाचा मोठा आधार आहे. मार्च २०२० मध्ये तिथला पहिला रुग्ण एक पर्यटक निघाला, आणि देशानं पर्यटकांना लगेच दार बंद केलं. ते उघडलं २३ सप्टेंबर २०२२ रोजी. नुकसान त्यांनी सोसलं. संपूर्ण साथीत तिथे कोविडनं दगावलेल्यांची नोंद २१ आहे.

घरात कोंडून मन करपतं, हेही खरं. त्यावर वाद घालायचा नाही. मोकळ्या हवेत, आपल्याच परिसरात, आपल्याच घरच्यांसोबत फिरायला साथीच्या बहुतेक काळात वाव होता आणि तो वापरायलाच हवा होता.

मग महामारीत हौसेचा प्रवास कधीच जबाबदारीचा नसतो का? असतो, पण ते प्रवाशाच्या सावधपणावरून ठरत नाही. जून २०२० मध्ये न्यूझीलंडनं देशांतर्गत निर्बंध उठवले आणि लोक देशभर फिरले. ११ ऑगस्टला नवे रुग्ण सापडले, तोवर १०२ दिवस समाजात संसर्गाचा पत्ता नव्हता. त्या फिरण्याला कुणीही नाव ठेवू नये. निघायच्या जागी आणि पोचायच्या जागीही संसर्ग नगण्य, यजमानांची संमती, आणि बिघडलं तर सापडेल अशी तपासणी, हे तिन्ही तिथे होतं. १९ एप्रिल २०२१ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये विलगीकरणाशिवाय ये-जा सुरू झाली तीही याच पायावर. आणि न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांनी प्रवाशांना आधीच बजावलं होतं, की उद्रेक झाला तर तुमचा प्रवास विस्कटू शकतो, त्याची तयारी ठेवूनच निघा. २३ जुलैला तसंच झालं : ऑस्ट्रेलियात विषाणूचा डेल्टा हा प्रकार पसरला, दार बंद झालं, आणि न्यू साउथ वेल्सहून परतणाऱ्यांना १४ दिवस विलगीकरणात काढावे लागले. सुट्ट्या वाया गेल्या, गैरसोय झाली. पण ती सोसली ती फिरायला गेलेल्यांनी, ज्यांच्या गावी ते परतत होते त्यांनी नाही.